बाळंतिणीच्या खोलीतला प्रोसेसर

मशीन पुन्हा बंद पडलं तेव्हा मी पडवीत मोबाइल हातात धरून बसले होते, आणि माझ्या तोंडून जी शिवी गेली ती चुलीपाशी बसलेल्या आईने ऐकली.

"घरात ओली बाळंतीन हाय गो मने, तोंड आवर!"

तोंड आवरायला माझी काही हरकत नव्हती. आधी त्या मशीनने स्वतःला आवरायला हवं होतं. मोबाइलवर शेवटचा आकडा तसाच गोठून राहिला होता, सत्त्याण्णव. त्याच्याखाली लाल अक्षरांत 'संपर्क तुटला'. रेंडर, म्हणजे मशीनने एकेक चित्र मोजून फिल्म काढायचं काम, जिथं होतं तिथं थांबलेलं, आणि शुक्रवार काही थांबणार नव्हता.

शुक्रवारची गोष्ट सांगते, म्हणजे मी शिव्या का देत होते ते कळेल. मी थ्रीडीचं काम करते. जे घर अजून बांधलेलंच नाही ते बांधून, रंगवून, झाडं लावून, आत सोफा ठेवून, त्यातून फिरल्यासारखी फिल्म करायची. ठाण्याच्या एका स्टुडिओत मी वर्षभर हेच केलं. तिथं आम्ही चौघी एका भाड्याच्या खोलीत राहायचो आणि खोलीची एकुलती खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. मला ते सहन झालं नाही. मी शेणव्याला, आमच्या गावी, परत आले आणि स्टुडिओच्या इंद्रजीत सरांच्या मागे लागले की मला घरून काम द्या. ते म्हणाले, एक फिल्म करून दाखव. मुरबाडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी मुंबईकरांसाठी बंगले होणार आहेत, त्यांची. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत माझ्या हातात आली तर तू शेणव्यात बस नाहीतर झाडावर बस, मला फरक पडत नाही. नाही आली तर ठाण्याला ये.

मला ठाण्याला जायचं नव्हतं. बास, एवढंच होतं. पण तेवढ्यासाठी मी कुणाचाही गळा धरला असता.

आता अडचण अशी, की माझं मशीन, म्हणजे माझा कॉम्प्युटर, नेहमीच्या वेगाने चाललं असतं तर ती फिल्म शुक्रवारपर्यंत होणं शक्य नव्हतं. म्हणून शहापूरचा ऋतिक. त्याचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे, दहावीपर्यंत माझ्या वर्गात होता, आणि तेव्हापासून त्याला कुठलीही वस्तू आहे त्यापेक्षा जोरात पळवायची खोड आहे. आधी सायकल, मग बाइक, आता प्रोसेसर. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसरला जास्त पळवायचं, ह्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. जास्त पळवलं की तो जास्त तापतो. शंभराच्या जवळ गेला की आधी स्वतःच वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर जीव वाचवायला मशीन बंद करून टाकतो. दिवाळीत ऋतिकने घरी येऊन हे सगळं लावून दिलं तेव्हा मशीन दिवसभर पळालं आणि आकडा ऐंशीच्या आसपास राहिला. ऋतिकने त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला होता.

आणि आता डिसेंबरात, सकाळी माहुलीच्या डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याने दात वाजत असताना, तेच मशीन, तेच सेटिंग, सत्त्याण्णव!

"काय बदललंय दिवाळीपासून?" ऋतिकने फोनवर विचारलं. "काय नवीन टाकलंस? कार्ड, डिस्क, कायपन?"

"काहीच नाही."

"जागा बदललीस?"

"तिथंच आहे. मागच्या खोलीत. तूच ठेवलेलं."

"मंग फिल्टर बघ. धूळ बसली असंल. थंडीत तं उलट कमी यायला पायजे गो."

ते मलाही कळत होतं. थंडीत कमी यायला पाहिजे, म्हणून हवेचा मुद्दा मी मनातून केव्हाच खोडून टाकला होता.

मागची खोली म्हणजे माझी खोली. निदान दिवाळीपर्यंत होती. माझी बहीण प्रियांका बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, आणि दवाखान्यातून घरी आल्या दिवशी आईने ती खोली तिला दिली. घरात तीच एक खोली अशी की जिच्यातून कुणी ये-जा करत नाही. माझा इन्व्हर्टर आणि इंटरनेटची वायर तिथंच असल्याने मशीन हलवायला मी साफ नकार दिला. बरीच आदळआपट झाल्यावर असं ठरलं की मशीन कोपऱ्यात, जुन्या लुगड्याच्या पडद्यामागे राहील, आणि मी सारखी आत-बाहेर करायची नाही. बाहेरून आलं की पाय धुवायचे, जरा टेकायचं, मग आत. म्हणून मशीनची स्क्रीन मी मोबाइलवर घेतली आणि पडवीत बसून काम करू लागले. तेवढ्याशा खोलीत ताई, बाळ आणि मशीन, आणि तिघांतलं एकही शांत नाही.

बाळ तर रडायचंच. सकाळी रडायचं, दुपारी रडायचं, दूध पिता पिता सोडून रडायचं. वैशाखऱ्याहून ताईच्या सासूचा फोन आला की तोही त्या रडण्यावरूनच ओरडून बोलावा लागायचा. रविवारी बारसं होतं आणि आईच्या मते तोवर सगळं ठीक होणार होतं.

फिल्टर काढायला मी आत गेले. दार उघडल्याबरोबर तोंडावर गरम वाफ आली. बाजेखाली शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशेपाची धुरी. खिडकीच्या सरकत्या काचा बंद, आणि त्यांच्या फटीत आईने फाडलेल्या साडीच्या चिंध्या कोंबलेल्या. पंख्याचं बटण कुणाच्या हाताने चुकून दाबलं जाऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी. हे सगळं गोजाबाईंच्या देखरेखीखाली. गोजाबाई शेजारच्या आळीतल्या. आमच्या गावातल्या अर्ध्या पोरांना पहिली आंघोळ त्यांनी घातलेली, मलासुद्धा. रोज सकाळी येऊन त्या ताईला तेल लावायच्या, कढत पाण्याने न्हाऊ घालायच्या, मग बाळाला, मग दोघींना शेक, मग दोघींना डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून, दार लावून घरी.

"मनू, तुझं ते यंत्र गरम हवा मारतंय गो," ताई म्हणाली. तिच्या कानाला फडकं बांधलेलं आणि कपाळावरून घाम वाहत होता. पदराच्या टोकाने ती बाळाला वारा घालत होती, आईचा पाय वाजला की थांबत होती.

"तेच बघायला आलेय," मी म्हटलं.

खोली तापलेली आहे हे मला अंगालाच कळत होतं. पण माझा हिशेब सरळ होता. मशीनने खोली तापवली, तेव्हा मशीन दुरुस्त झालं की खोलीही निवेल. मी फिल्टर काढून अंगणात झटकला. त्यावर बसलेल्या तपकिरी थराला ओव्याचा आणि शेपाचा वास येत होता. मला हसू आलं आणि रागही आला. ठाण्यातल्या कुठल्या मशीनने बाळंतिणीचा शेक घेतला असेल?

फिल्टर बसवल्यावर आकडा दोनने खाली आला. थोड्या वेळाने दोनने वर गेला आणि मशीन बंद पडलं.

"मंग पेस्ट वाळली असंल," ऋतिक म्हणाला. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर ह्यांच्यामध्ये एक लेप असतो, तो वाळला की उष्णता नीट वर चढत नाही. माझ्याकडे नवी ट्यूब होती. मी पडद्यामागे उकिडवी बसून कूलर काढला, जुना लेप पुसला, नवा लावला. घाम टपटप मदरबोर्डवर पडू नये म्हणून डोक्याला ओढणी बांधली. मागे बाळ रडतंय, रडतंय, रडतंय. एक स्क्रू हातातून निसटून बोर्डाखाली गेला.

"ताई, जरा गप्प कर ना तिला!" मी ओरडले.

थोड्या वेळाने पडद्यापलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाईट वाटलं, पण स्क्रू सापडत नव्हता.

पेस्टने काही फरक पडला नाही. मग ऋतिकने सांगितल्याप्रमाणे व्होल्टेज थोडं कमी केलं. तेव्हा मशीन तापायच्या आधीच अडखळून पडलं. पुन्हा वाढवलं, तर सत्त्याण्णव. दरम्यान इंद्रजीत सरांचा निरोप आला. आतापर्यंतच्या फ्रेम त्यांनी पाहिल्या होत्या. 'छान. फक्त पडदे अजून हलू देत. घरात वारा खेळतोय हे दिसलं पाहिजे. लोक त्यासाठीच तिकडे येणार आहेत.' सगळ्यात जास्त वेळ त्या पडद्यांनाच लागत होता. प्रत्येक सुरकुती, प्रत्येक हेलकावा मोजून काढायला प्रोसेसरचा जीव जात होता.

बुधवारी सकाळी मी मशीन गोधडीत गुंडाळलं, स्कूटीच्या पुढ्यात पायांमध्ये ठेवलं आणि शहापूरला नेलं. खड्डा आला की मी त्यावर हात ठेवायचे. ऋतिकने दुकानाच्या पुढच्या फळीवर, रस्त्याला लागूनच ते मांडलं, चालू केलं आणि माझंच रेंडर लावून दिलं. आम्ही चहा प्यालो. आकडा अठ्ठ्याहत्तर. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, दुसरं येऊन भांडून गेलं. अठ्ठ्याहत्तर.

"बग," ऋतिक म्हणाला. "ह्याला कायपन नाय झालं. तुज्या घरात काय हाय तं बग."

"घरात काय असणार?"

"तुमच्या शेनव्याची लाइट. व्होल्टेज वरखाली मारत असंल. नायतं सासर सोडून माहेरचं पानी लागलं असंल त्याला." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत त्याने मला एक जुना स्टॅबिलायझर दिला. "शेवटचा इलाज सांगू? पंखे फुल सोड. बाजूचं झाकन काढून टाक. आवाज होईल, पन आतली गरमी भसाभसा बाहेर फेकंल."

घरी येऊन मी स्टॅबिलायझर लावला. सत्त्याण्णव. तेव्हा मी शेवटचा इलाज केला. झाकण काढलं, कूलरचे आणि पेटीचे सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडले. पिठाच्या गिरणीसारखा आवाज सुरू झाला. आई दारात येऊन कपाळाला हात लावून गेली. मी पडवीत पळाले, मोबाइलवर डोळे लावून बसले. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. एक्क्याण्णव. आणि तिथंच राहिलं! बंद पडेना. फ्रेमवर फ्रेम पडायला लागल्या. मी पडवीत एक गिरकी घेतली.

बुधवारी रात्रभर मशीन चाललं. गुरुवारी सकाळी चाललं. शुक्रवारी बाराच्या आत होणार हे मला दिसायला लागलं. बाळ मात्र बुधवारी संध्याकाळपासून असं काही रडलं की गोजाबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, आईने दृष्ट काढली, ताईने माझ्याकडे एकदा नुसतं पाहिलं. गुरुवारी दुपारच्या सुमारास ते रडणं थांबलं.

हुश्श, मी मनात म्हटलं. झोपलं एकदाचं.

मग लाइट गेली. इन्व्हर्टरने थोडा वेळ तग धरला आणि मशीन बंद झालं. मी अंगणात येरझारा घालत होते. खांबाकडे बघत होते, जणू बघितल्याने तार जोडली जाणार होती. वायरमनला फोन लावला, त्याने उचलला नाही. खोलीतून आई आणि पुन्हा बोलावून घेतलेल्या गोजाबाई ह्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"गळल्यासारखं दिसतंय गो बाळ. सकाळपासून छातीला लागत नाय."

"सर्दी बसली असंल. काल ती पोरगी दार उघडून आत-बाहेर करत हुती ना. शेक वाढव जरा. टोपी घाल, दुसरं दुपटं घे."

मी शेगडीत निखारे घातल्याचा आवाज ऐकला. 'ती पोरगी' म्हणजे मी. मला राग आला आणि मी खांबाकडे बघत राहिले.

उन्हं कलायला लागली तेव्हा लाइट आली. मोबाइलवरून बंद मशीन चालू करता येत नाही, त्याला हाताने बटण दाबावं लागतं. मी पाय धुतले आणि आत गेले. ताई भिंतीला टेकून बसली होती, तिचे डोळे लाल होते. बाळ मांडीवर, दोन दुपट्यांत, फक्त नाक दिसत होतं. मी पडद्यामागे जाऊन बटण दाबलं आणि घाई म्हणून सरळ सेटिंगच्या पानावर गेले. तिथं मशीन काम सुरू करण्याआधीच सगळे आकडे दाखवतं. पंख्यांचा वेग, व्होल्टेज, प्रोसेसरचं तापमान, बोर्डाचं तापमान.

बोर्डाचं तापमान अडतीस.

मला वाटलं, आकडाच चुकीचा दाखवतंय. मशीन दुपारपासून बंद होतं. त्याच्यातली सगळी उष्णता केव्हाच निघून गेली असणार. इतका वेळ बंद पडलेलं मशीन म्हणजे घरातला पाटा किंवा तांब्या. त्याला स्वतःचा ताप नसतो. खोली जेवढी गरम तेवढंच ते गरम.

खोली जेवढी गरम.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. कोंबलेली खिडकी. चिकटपट्टी लावलेला पंखा. दिवसभर उन्हात तापलेला वरचा स्लॅब. बाजेखालची शेगडी. आणि माझं मशीन, ज्याच्या पोटातली सगळी आग मी काल पूर्ण वेगाने बाहेर फेकायला लावली होती. बाहेर म्हणजे कुठे? ह्याच खोलीत. प्रोसेसर निवला म्हणून मी पडवीत गिरकी घेतली, आणि तो निवत होता त्या मापाने ही खोली तापत होती, आणि तिच्या मधोमध, दोन दुपट्यांत, लोकरीची टोपी घालून—

मी पडदा ओढला तो दोरीसकट खाली आला.

"काय झालं?" ताई दचकली.

मी बाळाची टोपी काढली. केस ओले होते. मानेच्या घडीत लालभडक घामोळं, ओठ सुकलेले, आणि हात धरला तर हात तसाच सैल खाली पडला. बाळ झोपलं नव्हतं. अर्धे डोळे उघडे ठेवून ते नुसतं पडलं होतं. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी खिडकीच्या फटीतल्या चिंध्या उपसायला लागले. काच अडकली होती, ती मी खांदा लावून सरकवली. पंख्यावरची चिकटपट्टी नखाने फाडली.

"मने!" आई दारातून किंचाळली. "वारा लागंल पोरीला! येडी झाली का तू?"

"लागू दे!" मी त्याहून मोठ्याने ओरडले. "आई, ती भाजतेय! आपण तिला भाजतोय सगळे मिळून! मीसुद्धा!"

दुपटी सोडवून बाळाला नुसत्या झबल्यावर उचललं आणि मी पडवीत आले. ताई माझ्यामागे अनवाणी आली. आई मला आडवी आली, तिने बाळावर पदर घातला, मी तो काढला. आमची अक्षरशः ओढाताण झाली असती, पण तेवढ्यात गोजाबाई मध्ये आल्या.

त्यांनी बाळाच्या छातीवर हाताची मागची बाजू ठेवली. मग पोटावर. मग त्या खोलीत गेल्या. दारातून मला दिसत होतं. त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला आणि पटकन काढून घेतला. मग वर, स्लॅबकडे पाहिलं, असं की जणू ह्या घराचं छप्पर त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. पदराने कड धरून त्यांनी बाजेखालची शेगडी ओढली, दोन्ही हातांनी उचलली आणि अंगणात आणून मातीत पालथी केली.

"भित तापलीय गो रत्ना," त्या आईला म्हणाल्या. "आमची घरं कुडाची हुती. कारवीच्या काटक्या नि वरून शेन. थंडीत चारी अंगांनी वारा यायचा, कौलातनं पन यायचा. म्हून चिंध्या कोंबायच्या, म्हून शेगडी. नायतं लेकरू गारठून जायचं. ह्या तुज्या घरात वारा येनार कुठनं? मी आपली जुन्या घरातल्यागत करत बसले." त्यांनी पदर खोचला. "पानी आन. कोमट. नि रिक्षा बोलव आधी, माजं तोंड बगत बसू नको."

आईने ओल्या फडक्याने बाळाचं अंग पुसलं. ताईने बाळाला छातीशी धरलं. एकदा बाळाने तोंड वळवलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ओठ हलले, थोडंसं ओढलं, आणि सोडलं. ताई हमसून रडायला लागली.

लडकूकाकांची रिक्षा येईपर्यंत मी ताईची पिशवी आणायला आत गेले. मशीन चालू झालं होतं आणि स्क्रीनवर प्रश्न विचारत होतं, रेंडर पुढे सुरू करू का? मागे, थांबलेल्या फ्रेममध्ये, मुरबाडच्या बंगल्याचे पांढरे पडदे वाऱ्यावर अर्धवट उडालेले होते. मी प्लगच ओढून काढला. त्याच्यावर राग काढून काही उपयोग नव्हता. चूक त्याची नव्हतीच. मला जे दिसत नव्हतं ते तोच इतके दिवस आकडा दाखवून सांगत होता, आणि मी त्याचं तोंड बंद करायच्या मागे लागले होते.

शहापूरपर्यंत उघड्या रिक्षात दोन्ही बाजूंनी गार वारा लागत होता. आईने एकदाही वाऱ्याचं नाव काढलं नाही. तिने बाळाचं बोट धरून ठेवलं होतं, ते सबंध रस्ता सोडलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घेतलं, आमच्याकडून सगळं विचारून घेतलं. अंगातलं पाणी कमी झालंय, म्हणाल्या. उष्णतेनेच दिसतंय, पण एवढ्या लहान बाळाला ताप आला की तेवढंच गृहीत धरत नाही, रात्री ठेवून घेऊ. बंद खोलीत कोळसे ठेवल्याबद्दल त्या आईला जे बोलल्या ते आईने खाली मान घालून ऐकलं. अजून थोडा उशीर झाला असता तर, एवढंच म्हणून त्या थांबल्या. मला ते पुढचं सबंध रात्र ऐकू येत राहिलं.

शुक्रवारी सकाळी बाळ जोरात रडलं. मी बाहेरच्या बाकावर होते. इतके दिवस ज्या आवाजाने माझं डोकं उठायचं तो आवाज ऐकून मी बाकावरच रडायला लागले, आणि समोरच्या अनोळखी बाईने मला पाण्याची बाटली दिली.

बारा वाजून गेले. इंद्रजीत सरांचा फोन आला. मी त्यांना झालं ते सगळं सांगितलं. ते चांगले आहेत, त्यांनी आधी बाळाची चौकशी केली. मग म्हणाले, मनस्वी, काम थांबवता आलं नसतं, मी दुसऱ्याला देऊन टाकलंय. घरून काम हे सगळं असंच असतं बघ, कधी लाइट, कधी घरातलं कुणी. नव्या वर्षात ठाण्याला ये, जागा ठेवतो.

मी 'बरं' म्हटलं. मला वाईट वाटलं. वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण ते वाईट वाटणं बाळाच्या त्या सैल पडलेल्या हाताजवळ नेऊन ठेवलं की एवढंसं होऊन जायचं.

शनिवारी बाळ घरी आलं. मागच्या खोलीची खिडकी उघडी होती आणि गोजाबाईंनी तिला बारीक कापडाचा पडदा लावला होता, डास येऊ नयेत म्हणून. मशीन मी पडवीत काढलं. जे हलवणं शक्यच नाही म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं, ते एका लांब वायरने हललं. फिल्म कुणाला नको होती, तरी अर्धवट सोडवेना म्हणून रेंडर पुन्हा लावून दिलं. त्याच सेटिंगवर, त्याच वेगाने. आकडा शहात्तरवर गेला आणि तिथंच राहिला.

स्टॅबिलायझर परत हवा म्हणून ऋतिकचा फोन आला.

"चालतंय का मंग?"

"पळतंय. शहात्तर."

"बोललो ना मी, त्याला कायपन नाय झालं. मंग काय बदललं हुतं, ते सापडलं का?"

ताई उंबऱ्यात उन्हाला बसली होती. बाळ तिच्या मांडीवर, नुसत्या झबल्यात, हातपाय झाडत होतं.

"बाळ," मी म्हटलं. "त्या खोलीत बाळ आलंय ना आमच्याकडे. दिवाळीनंतर."

पलीकडे त्याने कुणा गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

"मी तं पयल्याच दिवशी इचारलेलं तुला," तो म्हणाला. "नवीन काय आलंय म्हून. तू बोललीस, काहीच नाही."

"हो," मी म्हटलं. "तसंच बोलले होते मी."